चांदीच्या कापडाचा परकर आणि बॅक्टनचं वेदीवस्त्र

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशायर परगण्यात बॅक्टन नावाचं अगदी छोटं गाव आहे. तिथल्या सेंट फेथ्स चर्चमध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचं एक भरतकामाचं कापड होतं, वेदीवर अंथरायचं. किती पिढ्या अंथरलं गेलं कुणास ठाऊक. १९०९ साली गावाला शहाणपण सुचलं आणि ते काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं. पुढची शंभरेक वर्षं प्रार्थनेला येणारी माणसं त्याच्यावरून नजर फिरवून आपापल्या बाकावर बसत होती. गावात एक समजूत होती, की याचा काहीतरी संबंध राणी एलिझाबेथ पहिली हिच्याशी आहे. अशा समजुती प्रत्येक गावात असतात. आपल्याकडे नाही का, दर दोन गावांआड शिवाजी महाराज मुक्कामाला थांबलेला वाडा असतो!

२०१६ मध्ये हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या संस्थेच्या वस्त्र-अभ्यासक एलेरी लिन यांनी ते कापड जवळून पाहिलं आणि गावाच्या समजुतीला आधार आहे असं त्यांचं मत झालं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेदीसाठी म्हणून हे कापड कधी विणलंच गेलं नव्हतं. तो एका झग्याचा भाग होता, बहुधा खालच्या घेराचा, आणि तो घेर राणीचा असण्याची दाट शक्यता होती.

मी वीस वर्षं शिवणक्लास घेते. कपडे-इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण या कापडाचे मोठे फोटो पाहिले तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती फुलं नव्हेत, जोड. नवं कापड घेऊन वेदीवस्त्र शिवायचं तर कुणीही सरळ पन्हा काढेल, काठ दुमडेल, अस्तर लावेल, झालं. इतक्या महागाच्या कापडाचे तुकडे तुकडे करून ते पुन्हा सांधायचं कारणच काय? कारण एकच असू शकतं: तुकडे आधीच होते. दंड घातलेलं लुगडं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. जोड दिसला की बाई विचारते, आधी हे काय होतं?

तर आधी हे काय होतं, तिथून सुरू करू.

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला इंग्लिश दरबारी पोशाख म्हणजे एक सलग झगा असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ते चूक आहे. तो सुट्या भागांचा संच असायचा. वरची घट्ट चोळी वेगळी, बाह्या वेगळ्या, कमरेखालचा परकर वेगळा, त्यावरचा पुढून उघडा झगा वेगळा. बाह्या नाड्यांनी किंवा टाचण्यांनी खांद्याला अडकवायच्या. उघड्या झग्याच्या दोन पाखांमधून परकराचा जो त्रिकोणी भाग समोर दिसतो, तिथे सगळ्यात भारी कापड लावायचं आणि झग्याखाली झाकला जाणारा मागचा भाग पुष्कळदा साध्या स्वस्त कापडाचा ठेवायचा. हा हिशेब मला फार आवडतो. राणीच्या घरातसुद्धा न दिसणाऱ्या जागी हात आखडता घ्यायची पद्धत होती! लग्नातल्या घागऱ्याला आतून मांजरपाट लावणारे आपले टेलर काही वेगळं करत नाहीत.

१५९० नंतर या परकराखाली कमरेशी चाकासारखा आडवा सांगाडा बांधायची फॅशन होती. कापड कमरेपासून सरळ बाहेर जायचं आणि मग चाकाच्या कडेवरून खाली पडायचं. म्हणजे घेर अफाट लागणार. आणि रेशमाचा पन्हा मात्र अरुंद, साधारण वीस-बावीस इंच, आपल्या खणापेक्षाही कमी. त्यामुळे परकर म्हणजे पन्ह्याला पन्हा जोडून आणि मध्ये कळ्या घालून केलेला मोठा घेर. राणीसाठी हे काम करणारे शिंपी नावानिशी नोंदले गेलेत: आधी वॉल्टर फिश आणि १५८२ पासून विल्यम जोन्स. शिंप्याचं काम बेतायचं आणि शिवायचं. भरतकाम करणारे वेगळे, रेशमी दोरे-फिती पुरवणाऱ्या बायका वेगळ्या, चाकाचा सांगाडा करणारे वेगळे.

आता कापड. बॅक्टनचं कापड रुपेरी आहे आणि तिथे ‘रुपेरी’ हा रंग नाही, धातू आहे. रेशमाच्या जोडीला खऱ्या चांदीच्या चपट्या, बारीक पट्ट्या विणलेल्या. आपल्या पैठणीच्या जरीत चांदीची तार रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळलेली असते, म्हणून ती थोडी लवते. नुसती चपटी पट्टी विणली की कापड ताठ होतं, चमक जास्त येते आणि घडी पडली की पट्टी मोडते.

असल्या कापडावर भरतकाम करायची तेव्हाची नेहमीची रीत सुरक्षित होती. फूल वेगळ्या तागाच्या कापडावर भरायचं, कडेने कातरायचं आणि मग ते तयार फूल भारी कापडावर बसवून टाचायचं. बिघडलं तर तागाचा तुकडा फेकला, चांदीच्या कापडाला धक्का नाही. बॅक्टनच्या कापडावर असं केलेलं नाही. फुलं थेट चांदीच्या कापडावर भरली आहेत. टिश्यूच्या साडीवर आरीकाम करणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल याचा अर्थ काय होतो. सुती कापडात सुई चुकली तर दोरा काढायचा, नखाने भोक चोळायचं, ते बुजतं. धातूच्या विणीत भोक राहतं ते राहतंच. म्हणजे प्रत्येक टाका पहिल्याच फटक्यात बरोबर पडायला हवा. हे हौशी हाताचं काम नाही, पगारी कारागिरांचं आहे, आणि तेही वरच्या दर्जाच्या.

गुलाब आहेत, डॅफोडिल आहेत, हनिसकल आहे, ओकची पानं आणि फळं आहेत. प्रत्येक झुडूप देठासकट सुटं उभं आहे, त्या काळच्या वनस्पतीग्रंथांत लाकडी ठशांनी छापलेली चित्रं असायची तसं. रंगांची तपासणी झाली तेव्हा त्यात नीळ सापडली आणि मेक्सिकोहून येणारा लाल रंग सापडला. दोन्ही इंग्लंडच्या मातीतले नाहीत. त्या दशकात युरोपात उतरणारी नीळ बरीचशी हिंदुस्थानातून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून जात होती. या पाकळीतली निळाई गोव्याच्या धक्क्यावरून गेली असं म्हणायला पुरावा नाही, तेव्हा मी म्हणत नाही. पण त्याच्या आधीच्याच दशकात एलिझाबेथचं अकबरासाठीचं पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती गोव्यात तुरुंगात पडले होते आणि त्यांना सोडवायला ज्याने खटपट केली तो इंग्रज पाद्री म्हणजे आपला फादर थॉमस स्टीफन्स, मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारा. तेवढं जग तेव्हाही जवळ आलेलं होतं.

हे कापड राणीचंच कशावरून? इथे प्रकरण खरं गुंतागुंतीचं होतं.

पहिला धागा कायद्याचा. कुणी काय नेसायचं याचे त्या काळी इंग्लंडमध्ये हुकूम निघत. १५७४ चा हुकूम त्यातला गाजलेला. सोन्याचांदीचं कापड राजघराणं आणि अगदी वरच्या उमराव घराण्यांपुरतं राखून ठेवलेलं होतं. बॅक्टनसारख्या खेड्यात ते कुणाच्या पेटीत असण्याचा संभव नव्हता. हा धागा मजबूत आहे, पण तो ‘राणी किंवा तिच्या आसपासची कुणी’ इथपर्यंतच नेतो.

दुसरा धागा चित्रांचा. हॅटफील्ड हाउस या इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यात एलिझाबेथचं एक प्रसिद्ध चित्र आहे, हातात इंद्रधनुष्य धरलेलं, साधारण १६०० ते १६०२ मधलं. त्यातल्या चोळीवर अशीच सुटी सुटी फुलं भरलेली आहेत, पांढरट चकचकीत जमिनीवर. हार्डविक हॉल या तशाच दुसऱ्या वाड्यातल्या चित्रात तर तिच्या परकरावर फुलांबरोबर मासे आणि समुद्रातले अक्राळविक्राळ प्राणी पोहतायत. म्हणजे ही नक्षी तिच्या पोशाखात बसणारी आहे. तोच कपडा चित्रात आहे असं मात्र नाही, आणि बातम्यांचे मथळे देताना लोकांनी इथे जरा घाई केली असं माझं मत आहे.

तिसरा धागा बॅक्टनचा, आणि तो ब्लांश पॅरी या बाईपाशी जातो. ही बॅक्टनची लेक. एलिझाबेथ पाळण्यात होती तेव्हापासून ही तिच्या सेवेत. पुढे राणीच्या खासगी महालातली मुख्य मानकरीण झाली, राणीचे दागिने तिच्या ताब्यात असत. तिने लग्न केलं नाही. जिवंतपणीच तिने बॅक्टनच्या चर्चमध्ये स्वतःचं स्मारक घडवून घेतलं: मधे राणी आणि बाजूला गुडघे टेकलेली ब्लांश. त्यावरच्या लेखात ती सांगते, की राणीचा पाळणा हलताना मी पाहिला. राणीचे उतरलेले कपडे अशा बायकांना मिळणं हा तेव्हाचा रिवाजच होता. पगाराचा भागच म्हणा ना. मालकिणीचा शालू मोलकरणीला गेला तर आपल्याकडे त्याला दिलदारी म्हणतील, तिथे ते हक्काचं येणं होतं.

मग सगळं जुळलं? नाही. ब्लांश वारली १५९० च्या फेब्रुवारीत. आणि हे भरतकाम अभ्यासक त्याच दशकातलं, म्हणजे तिच्या मागचं धरतात. जिवंतपणी तिला हे मिळालेलं असणं कठीण. लिन यांनी सुचवलेली वाट अशी, की ब्लांशच्या आठवणीखातर हा कपडा तिच्या गावच्या चर्चला पाठवला गेला असावा. शक्य आहे. छप्पन्न वर्षं जिने सांभाळलं तिच्या नावाने राणीने आपला एक कपडा दिला, यात न पटण्यासारखं काही नाही. पण ‘राणीकडून बॅक्टनला’ अशी नोंद कुठल्या वहीत सापडलेली नाही. पुरावा आहे तो कायद्यात, चित्रांत आणि त्या एका बाईच्या गावात. तीन धागे एकमेकांना पीळ देऊन दोरी होते, पण एकेकटा ओढला तर तुटतो. मला स्वतःला ही दोरी पुरेशी वाटते.

बदलांकडे येऊ. लोक ‘झग्याचं वेदीवस्त्र झालं’ असं एका वाक्यात सांगतात. कापडावर मात्र एक बदल त्याच्याही आधीचा दिसतो.

मोठी झुडपं ज्यांनी भरली, त्यांच्या नंतर दुसरे हात या कापडावर बसले. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागांत बारीक बारीक चित्रं आहेत: फुलपाखरं, सुरवंट, बेडूक, खारी, कुत्रे, हरणं, अस्वलं, एवढंच काय, माणसांसकट होड्या. ही मागाहून घातलेली आहेत असं अभ्यासक मानतात. फोटो मोठा करून बघताना मला यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. गुलाबाशेजारी सुरवंट, ठीक आहे. पण डॅफोडिलच्या मुळाशी होडी? आकारांचा एकमेकांशी मेळ नाही; अस्वलापेक्षा फूल मोठं. मोठ्या झुडपांत जी शिस्त आहे ती इथे सैल झाली आहे, आणि म्हणूनच तिथे माणसं दिसायला लागतात. कुणीतरी खिडकीशी बसून, गप्पा मारत, ‘इथे जागा उरलीय, एक खार घालू का?’ असं म्हटलेलं असणार. हा माझा कल्पनाविलास. पण तयार झालेल्या भारी कपड्यावर पुन्हा सुई चालवून तो नवा करायचा, ही त्या दरबाराची नेहमीची सवय होती. राणीच्या वस्त्रागाराच्या हिशेबांत नव्या कपड्यांइतकीच जुन्यांची डागडुजी दिसते: घेर वाढवला, नवी किनार लावली, बाह्या बदलल्या. वस्त्र-इतिहासाच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड यांनी ते हिशेब अभ्यासून १९८८ मध्ये छापले, म्हणून आज ते कुणालाही वाचता येतात.

त्यानंतरचा बदल कात्रीचा. परकर उसवला गेला, तुकडे वेगळे झाले, वेदीच्या मापाला बसतील असे मांडले गेले आणि पुन्हा सांधले गेले. जोडापाशी आलं की नक्षी तुटते. हे करणाऱ्या शिंप्याला, किंवा बाईला, फुलं जुळवायची नव्हती. आहे त्या कापडात ‘टी’ बसवायचा होता. मी विद्यार्थिनींना हेच सांगते, की जुनेरातून काही काढायचं असेल तर आधी जमिनीवर सगळे तुकडे पसरा, फुलांकडे बघू नका, मापाकडे बघा. बॅक्टनमध्ये कुणीतरी अगदी तेच केलं.

या दिशेत एक गंमत आहे. एलिझाबेथच्या वडिलांच्या काळापासून इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या नावाखाली मठ मोडले, चर्चमधली झगमगीत वस्त्रं बाहेर पडली आणि श्रीमंतांनी ती कापून घरात वापरली. हार्डविक हॉलमधले मोठे भिंतपडदे असेच पाद्र्यांच्या जुन्या मखमली-जरीच्या झुलींतून कातरून केलेले आहेत. वेदीवरचं कापड दिवाणखान्यात गेलं. बॅक्टनला मात्र कापड उलट्या वाटेने गेलं, दरबारातून वेदीवर.

आणि तिकडे गेलं म्हणून वाचलं. राणीचे कपडे शेकड्यांनी होते. १६०० साली त्यांची सविस्तर यादीही झाली. आज त्यातला एकही पूर्ण पोशाख उरलेला नाही. १६०३ मध्ये ती वारली आणि वर्षभराच्या आतच नव्या राणीने, डेन्मार्कच्या अ‍ॅनने, दरबारी नृत्यनाट्यासाठी तिच्या उत्तम कपड्यांत हात घातला. राजघराण्यातल्या लेडी अर्बेला स्टुअर्टच्या पत्रात याची नोंद आहे: दोन सरदारणींना टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातून दिवंगत राणीचे उत्तमोत्तम कपडे हवे तसे घ्यायची परवानगी मिळाली होती. तो खेळ १६०४ च्या जानेवारीत हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात झाला. म्हणजे जिचा दरारा युरोपभर होता तिच्या वस्त्रांचे वर्षभरात नाटकाचे कपडे झाले.

बाकीचे कुठे गेले याला एक साधं उत्तर चांदी हे आहे. धातूचं कापड जाळलं की रेशीम जातं आणि धातू उरतो. हे आपल्याला नवीन नाही. ‘जरीच्या जुन्या साड्याऽऽ’ अशी हाळी देत गल्लीतून फिरणारा माणूस मी लहानपणी पाहिलाय. माझ्या आजीने तिचा लग्नातला शालू त्याला दिला, वजनावर. काठ कसा होता हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. तिच्याच दुसऱ्या एका पैठणीचा मात्र आईने माझ्यासाठी परकर-पोलका बेतला होता, तेव्हा आजी दिवसभर गप्प होती. तो परकर आजही कपाटात आहे. त्यातला मोर अर्धा आहे, कारण कंबरपट्टी तिथेच आली.

बॅक्टनचं कापड २०१६ नंतर हॅम्प्टन कोर्टच्या वस्त्र-संवर्धकांकडे गेलं आणि तीनेक वर्षं त्यावर काम चाललं. अशा कामात नवीन काही चढवायचं नसतं. मोडलेल्या चांदीच्या पट्ट्या आणि विरलेलं रेशीम यांना मागून आधार द्यायचा, केसासारख्या धाग्याने, तोही पुन्हा काढता येईल असा. भरतकामाच्या मागच्या बाजूला महत्त्व असतं ते रंगासाठी. जिथे उजेड पोचत नाही तिथे रंग टिकतो. आमच्या क्लासमध्ये मी भरलेला रुमाल आधी उलटाच करून बघते, ते अर्थात गाठी मोजायला!

एक प्रश्न मात्र मला माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला, आणि तो योग्य होता. ‘बाई, जोड उसवून परत परकर का नाही केला? सगळ्यांना तो परकरच बघायचा असेल ना?’ कौशल्य असतं तर करता आला असता, असं वरवर वाटतं. पण कळ्यांचा मूळ बेत ठाऊक नाही, मधले किती तुकडे गेले ते ठाऊक नाही. राणीचा परकर म्हणून जे उभं राहिलं असतं त्यात निम्मा अंदाज असता, आणि तो अंदाज उभा करायला बॅक्टनच्या त्या अनामिक हाताचे टाके कापावे लागले असते. राणीच्या घेराचा एवढा तरी तुकडा आज आपल्यासमोर आहे, तो त्या टाक्यांमुळे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ते हॅम्प्टन कोर्टलाच प्रदर्शनात मांडलं, शेजारी इंद्रधनुष्यवालं चित्र. प्रदर्शनाच्या नावात राणीचा हरवलेला पोशाख होता. मांडलेलं कापड मात्र ‘टी’च्या आकारातच होतं, आणि अभ्यासक आजही त्याला बॅक्टनचं वेदीवस्त्र असंच म्हणतात.